नाव शेवटी विचारा

ये गं रेवा, पत्रातच का होईना, अशी जवळ येऊन बस. काही गोष्टी लांबून ऐकल्या तरी चालतात, ही त्यातली नाही. तू आपली तिकडून फोनवर विचारतेस, आत्या, आईच्या संशोधनाची सुरुवात कशी झाली ते थोडक्यात सांग, मला वर्गात सांगायचंय. थोडक्यात सांगायला मी काय बातम्या देते? आणि तुझं हे वागणं तरी काय गं? गणपतीत येते म्हणालीस, आली नाहीस, आणि तुझ्या जागी तो चष्मेवाला विद्यार्थी मिठाईचा डबा घेऊन पाठवलास. पोरगा गुणी होता, बिरडं मागून मागून खाल्लं त्यानं, पण त्याच्या डोक्यावर मी तेल थापणार होते का? असो. तुझी आई गच्चीवर मिरच्या वाळत घालतेय. हल्ली तिला ऐकू कमी येतं, पण आपल्याबद्दल कोणी बोलतंय म्हटलं की बरोबर ऐकू येतं. तेव्हा मधेच ती खाली येऊन माझ्या चुका काढणार. त्या मी तशाच लिहून ठेवीन.

वहिनी, म्हणजे तुझी आई, या घरात आली ती वर्ध्याकडून. कपड्यांची एक ट्रंक आणि पुस्तकांच्या कितीतरी. त्या ट्रंका उतरवून घेताना टांगेवाल्यानं विचारलं होतं, नवरीबाईंच्या माहेरी लोखंडाचं दुकान आहे का. आमचे अण्णा शाळेत क्लार्क, दादा, म्हणजे तुझे बाबा, ठाण्याला एका कंपनीच्या हिशेबखात्यात, आणि मी मॅट्रिकला गणितात आपटून घरी बसलेली. बसलेली म्हणजे काय, पाणी, दळण, निवडणं, टिपणं, दुपारी अण्णांच्या शाळेच्या वाचनालयातून येईल ते पुस्तक. आमच्या मागच्या खिडकीतून निजामपुऱ्यातल्या कारखान्यांचे पत्रे दिसायचे आणि त्या पत्र्यांखालून दिवसरात्र सांच्यांचा आवाज यायचा. यंत्रमाग हा शब्द वहिनीच्या पुस्तकांतला, भिवंडीत सगळे सांचे म्हणतात किंवा लूम म्हणतात. तो आवाज आम्हाला ऐकूच यायचा नाही. शुक्रवारी सांचे बंद राहायचे, तेव्हा मात्र सगळ्या आळीला कळायचं की आपण आठवडाभर एकमेकांशी ओरडून बोलतो. "मीठ दे" हे वाक्य शुक्रवारी शेजारच्या घरी ऐकू जायचं. वहिनीला सुरुवातीला त्या खटखटीनं झोप लागत नसे. वर्षभरानं शुक्रवारची झोप लागेना, फार शांत वाटतं म्हणे. तेव्हा माझी आई, तुझी आजी, म्हणाली, आता झाली ही भिवंडीची.

आईला वहिनी आवडली होती, पण तिचं काम आवडलं नव्हतं. काम काय, तर पीएचडी. अर्थशास्त्रातली. मला वाटायचं अर्थशास्त्र म्हणजे बँका आणि सरकारी बजेट. वहिनीचं म्हणणं, सांच्यांवरचे कारागीर एवढी दूरची गावं सोडून आपल्या भिवंडीत का येतात, किती टिकतात, आणि मागे राहिलेल्या घराचं काय होतं, हेही अर्थशास्त्रच. हे तिनं मला सांगितलं ते वाल सोलता सोलता. वर्ध्याच्या मुलीला बिरडं सोलणं माहीत नव्हतं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात घालून असे बोटांच्या चिमटीत दाबले की डाळिंबी टुपकन बाहेर येते, तिची मात्र भिंतीवर उडायची. मी तिला वाल सोलायला शिकवलं आणि तिनं मला मजुरांचा बाजार म्हणजे काय ते शिकवलं. बाजार म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढे भाजीबाजारच. माणसं टोपल्यांत बसलीत आणि शेठलोक त्यांना दाबून बघतायत, असं चित्र. मी तसं म्हटलं तर ती इतकी हसली की आईनं आतून विचारलं, वाल सोलताय की खेळताय?

तर तिची पद्धत अशी होती. कारागिरांना घरदार, शेती, बायकापोरं, येणंजाणं सगळं विचारायचं, लिहून घ्यायचं, आणि वर्षानं त्याच माणसांना पुन्हा गाठून तेच विचारायचं. मग मधल्या काळात काय बदललं ते दिसतं. मुंबईला तिचे मार्गदर्शक होते, त्यांना आम्ही घरात नुसतं सर म्हणायचो. सरांचं मत असं की शहरात आलेला माणूस हळूहळू गाव विसरतो. आधी पैसे पाठवणं कमी होतं, मग जाणं कमी होतं, मग शेतीतला हिस्सा सुटतो. वहिनीच्या दोन फेऱ्यांमधून ते दिसेल अशी त्यांची खात्री होती.

आईपुढे प्रश्न वेगळाच. घरची सून, तीही नवी, परक्या पुरुषांच्या खोल्यांतून फिरणार? शेवटी अण्णांनी तोडगा काढला की सुलू सोबत जाईल. सुलू म्हणजे मी. म्हणजे बघ, माझी नेमणूक झाली ती सोबत म्हणून. ना पगार, ना काम, वहिनीच्या अर्धं पाऊल मागे चालायचं आणि कोणी बघत असेल तर खाली बघायचं. पहिल्या फेरीत वहिनी शुक्रवारी शुक्रवारी फुलमती चाचीच्या बिशीत जायची. बिशी म्हणजे कारागिरांची खानावळ. खोल्या लहान, त्यात दिवसपाळीचे आणि रातपाळीचे आळीपाळीनं झोपणारे, तेव्हा बसून बोलायची जागा काय ती बिशीच. वहिनी पुरुषांच्या पंगतीकडे वही घेऊन बसायची आणि मी आत चाचीच्या चुलीपाशी. चाचीही त्या कारागिरांच्याच मुलखातली, दूर पूर्वेकडची, तिकडून नवऱ्यामागे आलेली. माझ्याकडून कणकेचे गोळे करून घ्यायची आणि बडबडायची. तिची बोली मी तिथे शिकले, आणि रोटी जोरात थापटली की नीट फुगते हेही. पण बाहेर जेवणारे ते लोक, त्यांचे चेहरे मी पाहिलेच नाहीत. पाठमोऱ्या बनियनी आणि केसांत अडकलेले कापसाचे तंतू, एवढंच मला त्यांचं माहीत. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.

वर्ष सरलं. दुसरी फेरी तोंडावर आली आणि वहिनीला दिवस गेले. तेव्हा तू. डॉक्टरीणबाईंनी हिंडाफिरायला सक्त मनाई केली. फेरी पुढे ढकलता येत नव्हती, तिची शिष्यवृत्ती त्या वर्षापुरतीच होती, आणि मूल झाल्यावर घरातलं कोणी तिला पुन्हा वही हातात घेऊ देईल असं तिला वाटत नव्हतं. मलाही वाटत नव्हतं, खरं सांगते. एक दिवस दुपारी माझ्यापुढे कोऱ्या फॉर्मांचा गठ्ठा ठेवून ती म्हणाली, सुलू, तू विचारशील?

मी हो म्हणायच्या आत आई हो-नाहीच्या मधे उभी. लग्नाची पोर बिशीत जाणार नाही, खोल्यांत जाणार नाही. मग पुन्हा अण्णांचा तोडगा. दाऊद शेठ त्यांच्या शाळेत शिकून गेलेला, जुन्या कोकणी घराण्यातला, त्याचे सांचे आमच्या खिडकीतून दिसायचे. वहिनीचे सगळे कारागीर त्याच्याच कारखान्यातले. अण्णांनी त्याला विचारलं आणि ठरलं असं: मी दिवसाउजेडी कारखान्याच्या ओट्यावर खुर्ची टाकून बसायचं, मुकादम आतून एकेका कारागिराला नावानं हाक मारून पाठवणार, मी विचारणार, तो परत आत. शेठनं वर सांगितलं, "अण्णा, आपल्या पोरीकडं कोनी मान वर करून बघनार न्हाय." आईचं समाधान झालं. नावांची एक चिठ्ठी मुकादमाकडे दिली, एक माझ्याकडे ठेवली. पहिल्या फेरीचे भरलेले फॉर्म सरांकडे मुंबईला होते, त्यामुळे कोणी मागच्या वेळी काय सांगितलं होतं ते मला ठाऊक नव्हतं, आणि सरांचा नियमच होता की ठाऊक असू नये.

रेवा, ते दिवस. मी अशी ऐटीत बसायचे की काय सांगू. आईची इरकल साडी, अण्णांचं पेन. मुकादम आत तोंड करून ओरडायचा, "रामजस!" की सांच्यांच्या आवाजातून एक माणूस हात पुसत बाहेर यायचा, समोर उकिडवा बसायचा आणि म्हणायचा, पूछिए दीदी. मी विचारत जायचे. लग्न झालं का, मुलं किती, बाप आहे का, शेत कोण करतं, मागच्या खेपेला गावी कधी गेलात. ते सांगायचे ते मी लिहायचे. संध्याकाळी वहिनी अंथरुणावर पडल्यापडल्या एकेक फॉर्म वाचायची, एवढ्या जणांची गेल्या वर्षीची उत्तरं तिच्याही लक्षात नव्हती, आणि म्हणायची, किती नीट लिहिलंस गं, हे तर माझ्यापेक्षा चांगलं. गणितात आपटलेल्या मुलीला असं कोणी कधी म्हणालं नव्हतं.

सगळे फॉर्म दादा मुंबईला सरांकडे देऊन आला. काही दिवसांनी सरांनी त्याला बोलावून घेतलं. संध्याकाळी तो परत आला ते बूटही न काढता ओट्यावर बसून राहिला. मग जेवताना सांगितलं. दोन्ही फेऱ्या जुळत नव्हत्या. थोड्याथोडक्या नव्हे, अर्ध्याअधिक. रामजसला गेल्या वर्षी तीन मुलं होती, यंदा त्याचं लग्नच झालेलं नाही. कोणाचा बाप गेल्या वर्षी वारलेला, यंदा तो बाप शेतात नांगर धरतोय. कोणी वयानं लहान झाला होता. सर म्हणाले होते, मुलीनं घरी बसून भरलेत, तिचं वय बघता रागावण्यात अर्थ नाही, पण यावर प्रबंध उभा राहणार नाही.

घास घशात अडकतो म्हणतात ते खोटं आहे. घास जातो खाली. चव जाते. त्या दिवशी सुकटीची चटणी होती, माझ्या आवडीची, आणि मला ती माती लागली. अण्णा ताटातली भाकरी दुमडत राहिले. दादानं एकदाच विचारलं, हळू आवाजात, "सुले, खरं सांग. उन्हाचा कंटाळा आला होता का?" तो वाईट नव्हता गं. बायकोचं वर्ष वाया जातंय हे त्याच्या डोळ्यांपुढे होतं. पण मला वाटलं, यानं मला मारलं असतं तरी चाललं असतं.

तेव्हा वहिनी भिंतीला टेकून बसली होती, ताट मांडीवर. ती म्हणाली, "घरी बसून भरलं असतं तर जुळलं असतं."

दादाला कळेना. मग ती त्याला समजावायला लागली, अगदी वाल सोलताना मला समजावायची तशी. खोटं भरणारा माणूस सांभाळून भरतो. गेल्या वर्षी लग्न झालेल्याला तो यंदा बिनलग्नाचा करणार नाही. एवढी चुकीची उत्तरं डोक्यातून निघत नाहीत, ती कोणीतरी खरोखर दिलेलीच असणार. आता ती तशी का दिली, ते आपल्याला माहीत नाही, एवढंच. एवढं बोलून तिनं मला भात वाढायला सांगितलं, जणू काही झालंच नाही.

(आत्ताच खाली आली होती. म्हणते, भात नव्हे, ताक मागितलं होतं. बरं, ताक.)

तिनं मला वाचवलं असं मला त्या क्षणी वाटलं, पण रात्री मन खायला लागलं. वहिनीचं म्हणणं बुद्धीला पटण्यासारखं, पण सरांना पटायला हवं ना? तिनं त्यांना कळवलं, त्यांचा निरोप आला की तर्क चांगला आहे पण पुरावा नाही. शिष्यवृत्ती देणाऱ्यांना काय सांगायचं ते त्यांना लवकरच ठरवावं लागणार होतं. इकडे आळीत कुजबूज पोचलीच. भाजीवालीसुद्धा मला विचारायची, काय गं, ऑफिस बंद झालं का? मी मागची खिडकी लावून घेतली. सांच्यांचा आवाज, जो जन्मात ऐकू आला नव्हता, तो मला तेव्हा ऐकू यायला लागला. एकेक खट म्हणजे एकेक माणूस, आणि मी ओळीनं सगळ्यांना आठवायचे, हा काय म्हणाला होता, तो काय म्हणाला होता. माझंच काही ऐकण्यात चुकलं असेल का, म्हणून. पण माझं ऐकण्यात चुकलं नव्हतं, हे मला पक्कं माहीत होतं, आणि तेच जास्त वाईट होतं. आपण खरे आहोत हे आपल्या एकट्यालाच माहीत असणं, यासारखी एकटी जागा नाही.

आणि मग आई उठली. खरंच उठली. गुरुवारी सकाळी पोळपाट बाजूला सरकवून म्हणाली, "उद्या शुक्रवार आहे. टांगा सांगून ठेवा. आम्ही तिघी जाणार." दादा म्हणाला, आई, तिला डॉक्टरांनी... आई म्हणाली, डॉक्टरांनी चालू नको म्हटलंय, टांग्यात बसू नको म्हटलेलं नाही, मी तिच्या पाठीला उशी देते. मग थांबून म्हणाली, पोर बिशीत जाऊ नये असं मीच म्हटलं होतं. बिशीत गेली असती तर चाचीनं तरी साक्ष दिली असती.

शुक्रवारी सांचे बंद. टांगा निजामपुऱ्याच्या गल्लीत शिरला तर घोड्याच्या टापांचा आवाज दोन्ही बाजूंच्या भिंतींवरून परत येत होता. दाऊद शेठ कारखान्याच्या पायरीवर बसला होता, धडपडून उठला. "माई, तुमी? आनी या टायमाला इकडं?" आई म्हणाली, सुनेला डोहाळे लागलेत, बिशीतली डाळ खायचे. तो बिचारा विश्वास ठेवून चाचीला सांगायला पुढे पळाला.

आत पंगत बसली होती. ॲल्युमिनियमच्या थाळ्या, डाळ, भात, रोटी, वर कच्चा कांदा आणि हिरवी मिरची. आम्ही आत शिरलो तसं सगळं थांबलं. चाचीनं वहिनीला पाहून गालावरून हात फिरवला आणि माच्यावर बसवलं. आई दारातच उभी, पदर खांद्यावरून घट्ट ओढून. वहिनीनं विचारलं, रामजस आहेत का?

पंगतीतून एक माणूस उठला. मी ओळखला. हाच माझ्यासमोर उकिडवा बसला होता, यानंच सांगितलं होतं लग्न झालेलं नाही, आणि तेव्हा लाजलाही होता. म्हटलं, बघा, आहे ना माणूस, मी काही मनानं रचलेला नाही. पण वहिनी त्याच्याकडे बघतच राहिली. मग म्हणाली, "हे रामजस नाहीत. रामजसना मी याच जागी बसून विचारलंय. त्यांच्या हनुवटीवर व्रण होता."

माणूस जराही गडबडला नाही. हातातला घास थाळीत ठेवला आणि म्हणाला, "जी दीदी. वो बड़े भैया हैं। घर में हम बलराम। साँचे पर रामजस।"

मग तो आम्हालाच समजावू लागला, लहान मुलांना समजावतात तसं. भैया कापणीला गावी गेले. भैयांचे सांचे रिकामे राहिले तर शेठ दुसऱ्याला देईल. म्हणून धाकटा येतो आणि भैयांच्या जागी उभा राहतो. मुकादम रामजस म्हणून हाक मारतो, तो रामजस म्हणून जातो. भैया परत आले की हा गावी जाणार, पेरणी बघणार. मग चुलतभावाची पाळी. सांच्यावर कोणी का असेना, रामजसच. मी त्याला विचारलं, मग मला नाव बलराम का नाही सांगितलं? तो म्हणाला, "दीदी, आपने नाम पूछा ही कहाँ? मुकादम ने पुकारा, हम आए। बाक़ी जो आपने पूछा, सब सही बताया।"

आणि ते खरं होतं गं. फॉर्मवर नाव मी आधीच लिहून ठेवायचे, चिठ्ठीवरून. मुकादमानं हाक मारली की तो माणूस आलाच, मग नाव काय विचारायचं?

पंगतीत हशा पिकला. मग एकेक जण हात वर करून सांगायला लागला. एक म्हणे, मी लल्लनच्या जागी, लल्लन माझा मेहुणा. एक म्हणे, मी खराखुरा दुखीच आहे, पण गेल्या वर्षी तुम्हाला भेटला तो दुखी माझा काका. चाची कपाळाला हात लावून बसली, मी एवढे दिवस रोटी खाऊ घालतेय, मला वाटलं सगळ्या दुनियेला माहीत आहे. दाऊद शेठ दारातून म्हणाला, आमालाबी माहीत हाय, पन कापड येतंय तोवर नाव कशाला विचारा?

मला रडू आलं. कशाचं ते सांगता येणार नाही. मी आत चुलीकडे पळाले आणि चाचीच्या पिठाच्या परातीपाशी तोंड लपवून बसले. बाहेर वहिनी एकामागून एक विचारत होती, तिचा आवाज असा वर वर जात होता, आनंद झाला की तिचा आवाज चिमणीसारखा होतो. मधेच मला आईचा आवाज ऐकू आला. ती दारातून पंगतीपर्यंत कधी पोचली कुणास ठाऊक. तिनं आपल्या मोडक्या हिंदीत विचारलं, पण कोणी कधी जायचं आणि कोणी कधी यायचं, हे ठरवतं कोण?

बलराम म्हणाला, "अम्मा ठरवते." त्यानं ठरवते हे मराठीत म्हटलं, आईला कळावं म्हणून. कोणाची बायको बाळंत होणार, कोणाच्या हाताला नांगर लागतो, कोणाचं लग्न जमवायचंय, हे सगळं बघून गावाकडच्या घरातली म्हातारी सांगते, आता तू जा, आता तू ये. हे कोण ठरवतं, त्याचा इकडे मुकादमाला पत्ताही नसतो.

आई वहिनीकडे वळून म्हणाली, "म्हणजे खरी मुकादमीण तिकडे चुलीपाशी बसलीय."

वहिनीनं लिहायचं थांबवून आईकडे बघितलं. असं बघितलं, जणू पहिल्यांदाच बघतेय. पुढे तिच्या प्रबंधात जे आलं ना, की सांच्यावरची जागा माणसाची नसून गावातल्या घराची असते, घर ती धरून ठेवतं, माणसं पाळीपाळीनं तिथे उभी राहतात, आणि ती पाळी लावणारी बाई शहरात कधी आलेलीच नसते, ते तू दहा ठिकाणी वाचलंस, शिकवतेसही. ते त्या दुपारी आईच्या तोंडून निघालं. निघालं तेव्हा आईला ते संशोधन आहे असं वाटलं नव्हतं. तिला वाटलं होतं, आपल्यासारखीच कोणीतरी तिकडे आहे. निघताना तिनं चाचीची डाळ चाखली, बिशीत जेवणार नाही म्हणणाऱ्या बाईनं, आणि हिंग कमी आहे असं सांगितलं.

घरी आलो आणि मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. सुकटीची चटणी आंबट, तिखट, खारट, सगळी चव परत आली होती. दादा माझ्या ताटात स्वतःच्या वाटणीचा तळलेला बोंबील ठेवून गेला. माफी वगैरे मागायची पद्धत आमच्याकडे नव्हती, बोंबील होता. मागची खिडकी मी उघडली. शनिवारी पहाटे सांचे सुरू झाले आणि थोड्या वेळानं मला ते ऐकू येईनासे झाले. इतकं हलकं मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटलंय.

पण सर राहिले होते. वहिनीनं सगळं सविस्तर कळवलं, आणि उत्तर येण्याऐवजी पुढच्या शुक्रवारी सर स्वतःच दारात. पांढरा सदरा, काखेत ते सगळे फॉर्म, आणि स्वतः घामानं निथळलेले. मी पाण्याचा तांब्या नेऊन ठेवला. ते बिशीत गेले, दादा बरोबर होता, तो सांगतो की सरांनी कोणाला काही विचारलंच नाही, पंगतीत बसून जेवले आणि नुसतं ऐकलं. परत आल्यावर आमच्या ओट्यावर बराच वेळ बसून राहिले. त्यांच्या मनात काय चाललं असेल ते मला आता कळतं. माणूस गाव विसरतो हे त्यांचं अर्ध्या आयुष्याचं म्हणणं होतं. पण चेहऱ्यावर राग नव्हता, उलट चांगलं जेवण झालेल्या माणसाचं समाधान होतं.

मग त्यांनी मला हाक मारली. सुलू नव्हे, सुलोचनाबाई. आमच्या घरात मला बाई म्हणणारे ते पहिले. फॉर्मांचा गठ्ठा माझ्यासमोर ठेवला आणि म्हणाले, "हे सगळे पुन्हा विचारावे लागतील. तुम्हीच विचारा. फक्त या वेळी नाव शेवटी विचारा."

एवढंच. मी मान हलवली. आतून आईनं विचारलं, सर चहा घेणार का, आणि ते म्हणाले, बिरडं असेल तर जेवायलाच थांबतो, बिशीतली डाळ फार तिखट होती.

त्यानंतर मी आयुष्यभर तेच केलं, रेवा. आधी घर विचारायचं, चूल विचारायची, कोण गेलं, कोण आलं, कोणाची वाट बघताय, आणि माणूस बोलून मोकळा झाला की शेवटी नाव. वहिनी प्राध्यापक झाली, परदेशात बोलायला गेली, तिची पुस्तकं निघाली, आणि त्या प्रत्येक पुस्तकासाठी गणेशपुरीच्या भातखाचरांपासून तिकडच्या बलरामच्या गावापर्यंत मी तिच्याबरोबर हिंडले. अम्माला भेटले मी. चुलीपुढे बसली होती, आईसारखीच पदर घट्ट ओढून. शिकले ते सगळं असंच, वहिनीच्या ट्रंकांतून आणि लोकांच्या ओट्यांवरून. मॅट्रिक मात्र राहिलंच.

आता मानकोलीच्या त्या मोठमोठ्या गोदामांत पोरं कामाला येतात, तिथे बोटाचा ठसा घेणारं यंत्र बसवलंय. भावाच्या जागी भाऊ उभा राहू शकत नाही. आपल्या गल्लीतला रिक्षावाला सांगत होता, त्याचा भाचा आईच्या दुखण्याला गावी गेला तर परत आल्यावर जागा नव्हती. यावर तू लिहिते आहेस असं तुझ्या चष्मेवाल्यानं सांगितलं. चांगलं आहे. पण ते नुसतं तिथे बसून लिहू नकोस. मानकोलीला माझ्या ओळखीच्या बायका आहेत, खानावळी चालवतात. मी तुला घेऊन जाईन, चुलीपाशी बसवीन. गुडघे दुखतात, पण रिक्षा आहे.

वहिनी मिरच्या घेऊन खाली आलीय आणि विचारतेय, काय लिहिलंस. मी म्हटलं, तुझ्या लेकीला बोलावणं. ती म्हणाली, मग त्यात लिही की वाल भिजत घातलेत. तेव्हा आता उशीर करू नकोस. मोड यायला वेळ लागत नाही, आणि सोलायला आम्ही दोघीच, एकीला धड दिसत नाही, एकीला धड ऐकू येत नाही. भिंतीशी तुझी जागा आम्ही इतकी वर्षं धरून ठेवलीय, दुसऱ्या कोणाला बसू दिलेलं नाही. पण या वेळी कोणाला बदली पाठवू नकोस हं. तूच ये.